आर्मिन होफमान यांचा वर्ग आणि स्विस ग्राफिक डिझाइन

अक्षरधूळ

स्विस ग्राफिक डिझाइनचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा हेल्वेटिका हा टाइप आणि ग्रिड, म्हणजे पानाची आखीव चौकट, या दोनच गोष्टींवर बोलणे होते. या दोन्हींविषयी भरपूर माहिती सहज मिळते, त्यामुळे तिची पुनरुक्ती मी करणार नाही. मला ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्यांनी यांपैकी एकही गोष्ट निर्माण केली नाही. आर्मिन होफमान हे बाझल शहरातल्या एका शाळेत १९४७ पासून सुमारे ४० वर्षे शिकवत होते, आणि माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या स्विस डिझाइनला जी नजर मिळाली, तिचा मोठा भाग त्यांच्या वर्गात घडला.

ती शाळा म्हणजे ‘आल्गेमाइने गेवेर्बेशूले’. या नावाचा सरळ अर्थ ‘सर्वसाधारण व्यवसायशाळा’ असा होतो. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण ती कलेची अकादमी नव्हती. निरनिराळ्या धंद्यांतले उमेदवार जिथे आपापले काम शिकायला येत, अशा संस्थेचा हा एक विभाग होता. स्वतः होफमान यांचा पिंडही कारागिराचाच होता. २९ जून १९२० रोजी विंटरथूरला त्यांचा जन्म झाला. झ्युरिकच्या कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले, लिथोग्राफर म्हणून उमेदवारी केली आणि शिकवायला लागण्यापूर्वी बाझल आणि बर्न येथे प्रत्यक्ष काम केले. दगडावर उलटे चित्र काढणाऱ्या माणसाला काळा भाग कुठे संपतो आणि कोरा कुठे सुरू होतो, याचा हिशोब सतत ठेवावा लागतो. त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवण्यात ही सवय दिसते.

त्यांची पद्धत १९६५ साली निगली या स्विस प्रकाशनसंस्थेने पुस्तकरूपाने काढली. त्या पुस्तकाची सुरुवात बिंदूपासून होते, पुढे रेषा येते, मग निरनिराळ्या आकारांना समोरासमोर ठेवून काय घडते ते येते, आणि अक्षरे व चिन्हे त्यानंतर. पहिल्या पानापासून व्यवसायातली उदाहरणे मिळतील या अपेक्षेने पुस्तक उघडणाऱ्याला पानेच्या पाने ठिपके पाहावे लागतात. मीही पहिल्या वेळी ती पाने भराभर उलटली होती, आणि ती चूक होती हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

एक पांढरा चौकोन घ्यावा आणि त्यात एकच काळा ठिपका ठेवावा. ठिपका मधोमध असेल तर तो स्थिर राहतो. तोच किंचित वर सरकवला तर हलका वाटतो, तळाशी नेला तर बसल्यासारखा वाटतो आणि कडेला टेकवला तर चौकटीबाहेर निसटू पाहतो. इथवरची गोष्ट कुणालाही पटेल. आता ठिपका जागचा न हलवता त्याचा आकार वाढवत न्यावा. एका टप्प्यावर काळा ठिपका हा ‘आकार’ उरत नाही आणि चार कोपऱ्यांत उरलेले पांढरे तुकडे आकार होऊन बसतात. तो टप्पा नेमका कुठला, हे सांगणारे कुठलेही सूत्र नाही. रंग, ब्रश आणि कात्री घेऊन तोच चौकोन पुन्हा पुन्हा करत राहिल्यावर तो डोळ्याला सापडतो. आकाराइतकीच त्याच्या भोवतालची कोरी जागा घडवावी लागते, हे वाक्य व्याख्यानात सांगता येते, पण ते हातात उतरवण्यासाठी होफमान यांनी हा सराव रचला होता.

याच सरावाचे फळ म्हणजे त्यांची पोस्टरे. १९५९ साली बाझलच्या खुल्या रंगमंचावरील ‘जिझेल’ या बॅलेसाठी त्यांनी केलेले पोस्टर अनेकांनी पाहिले असेल. काळ्या पार्श्वभूमीवर गिरकी घेणाऱ्या नर्तिकेचे धूसर छायाचित्र आहे आणि डाव्या बाजूला बॅलेचे नाव खालून वर असे उभे, ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत आहे. नर्तिका फिरते आहे आणि अक्षरे ताठ उभी आहेत, तिच्या कडा विरघळतात आणि अक्षरांच्या कडा धारदार आहेत. पण थोडा वेळ पाहिले की त्या अक्षरांमधला ‘आय’वरचा ठिपका नजरेला धरतो. त्याचा गोलवा, ‘जी’ आणि ‘ई’ यांची वळणे आणि नर्तिकेच्या अंगाची वळणे एकमेकींना साद घालू लागतात. विरोध आणि साम्य एकाच चौकटीत नांदवणे ही गोष्ट ज्याने वर्षानुवर्षे ठिपके मांडले आणि मांडून घेतले, त्यालाच सुचू शकते, असे मला वाटते.

त्यांची बरीचशी पोस्टरे कृष्णधवल आहेत, आणि त्यामागे भूमिका होती. जाहिरातींमध्ये रंगांचा जो सवंग मारा सुरू झाला होता, त्याला उत्तर म्हणून त्यांनी जाणीवपूर्वक काळ्या-पांढऱ्याचा आग्रह धरला. स्वित्झर्लंडमध्ये पोस्टरांचा आकार ९०.५ × १२८ सेंटिमीटर असा ठरलेला असे आणि ती रस्त्यावर ओळीने लागत. रंगीत पोस्टरांच्या अशा रांगेत एक काळे-पांढरे पोस्टर काय काम करत असेल, याची कल्पना करून पाहावी.

माझे म्हणणे असे आहे की स्विस डिझाइनचा इतिहास शैलीचा इतिहास म्हणून लिहिला जातो, त्याऐवजी तो सरावाचा आणि शिक्षकांचा इतिहास म्हणून वाचायला हवा. आपली मते आणि दुरुस्त्या यांचे स्वागत आहे.

उभी रेघ

लेख आवडला, विशेषतः ठिपक्याचा परिच्छेद. मात्र एका मोठ्या नावाचा उल्लेख राहून गेला आहे. शिक्षकांचा इतिहास लिहायचा असेल तर तो बाझलला सुरू होत नाही, झ्युरिकला सुरू होतो, आणि त्याची सुरुवात एर्न्स्ट केलर यांच्यापासून करावी लागते.

केलर यांचा जन्म १८९१ चा. आरगाऊ परगण्यातल्या फिलिगेन या गावचे ते. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यांनी जर्मनीत लाइप्झिगला काम केले आणि १९१८ साली ते झ्युरिकच्या कलाशाळेत शिकवू लागले. १९५६ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे, ते तिथे होते. थिओ बालमर, हेरमान आयडेनबेन्त्स, हायरी श्टायनर आणि योजेफ म्युलर-ब्रॉकमान ही त्यांच्या विद्यार्थ्यांतली काही नावे. आज आपण ज्याला स्विस शैली म्हणतो तिच्या पहिल्या पिढीतला मोठा भाग त्यांच्या हाताखालून गेला आहे. त्यांना स्विस ग्राफिक डिझाइनचे जनक म्हटले जाते ते उगाच नव्हे.

गंमत अशी आहे की केलर यांची स्वतःची कामे पाहिली तर त्यांत ती तथाकथित स्विस शैली फारशी दिसत नाही. त्यांनी कुलचिन्हे रेखाटली, इमारतींवरची अक्षरे केली, पोस्टरांसाठी प्रत्येक वेळी वेगळा अक्षरवळणाचा नमुना हाताने घडवला. झ्युरिकच्या रीटबर्ग संग्रहालयासाठी त्यांनी केलेले पोस्टर आणि त्यांच्या शिष्यांची ग्रिडवरची कामे शेजारी ठेवली, तर गुरुशिष्यांचे नाते नवख्या माणसाला ओळखू येणार नाही. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या प्रश्नाच्या आशयातूनच निघाले पाहिजे, ही त्यांची शिकवण होती. ज्याची शिकवण अशी आहे, त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्यासारखे काम केले असते तर ते त्याचे अपयश ठरले असते.

तेव्हा धाग्याचे मूळ प्रतिपादन मला मान्य आहे, फक्त त्याचे श्रेय एका वर्गाला देऊ नये.

अक्षरधूळ

उभी रेघ, आपली दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे. केलर यांचे नाव मी टाळले नव्हते, पण लिहायला हवे होते हे खरे. होफमान यांचे शिक्षणही त्याच झ्युरिकच्या शाळेत झाले, त्यामुळे बाझलची मुळे झ्युरिकमध्ये आहेत असे म्हणण्यास हरकत नाही.

आपल्या मुद्द्याला जोडून एक साखळी इथे नोंदवतो. केलर यांच्या हाताखाली घडलेले वाल्टर केख पुढे त्याच शाळेत अक्षरलेखन शिकवू लागले. त्यांच्याकडे आद्रियान फ्रुटिगर शिकले. फ्रुटिगर पॅरिसला गेले आणि १९५७ साली डबर्नी ए पेन्यो या टाइप ओतणाऱ्या कारखान्यासाठी त्यांनी युनिव्हर्स हे अक्षरकुटुंब पूर्ण केले. हा टाइप बाझलला आला तेव्हा होफमान यांचे सहकारी एमील रुडर यांनी तो आपल्या वर्गात असा काही राबवला की युनिव्हर्स म्हणजे बाझल हे समीकरणच झाले. झ्युरिकच्या एका वर्गातून निघालेले अक्षर पॅरिसमार्गे बाझलच्या दुसऱ्या वर्गात पोहोचले. यातली प्रत्येक कडी शिक्षकाची आहे.

मात्र झ्युरिक आणि बाझल यांच्यातला एक फरक मला जपावासा वाटतो. १९५८ पासून झ्युरिकमध्ये लोझे, म्युलर-ब्रॉकमान, नॉयबुर्ग आणि विवारेल्ली या चौघांनी ‘नॉय ग्राफिक’ हे नियतकालिक चालवले. त्यात भूमिका होती, आग्रह होता, आणि ग्रिडकडे पाहण्याची जवळजवळ नैतिक म्हणता येईल अशी दृष्टी होती. होफमान यांच्या कामात रचना काटेकोर असते, पण ती आधी आखलेल्या चौकटींतून आलेली नसते. ती आकारांच्या परस्परसंबंधांतून येते. ‘स्विस’ या एकाच शब्दात आपण या दोन्ही गोष्टी कोंबतो आणि त्यामुळे बाझलचे वेगळेपण हरवते.

खिळे आणि शाई

रुडर यांचा उल्लेख आला म्हणून मुद्दाम लिहायला बसलो, कारण माझ्या दृष्टीने या विषयाचा तोच गाभा आहे. माझ्या वडिलांचा लहानसा छापखाना होता आणि माझे बालपण केसांपुढे उभ्या असलेल्या कंपोझिटरांच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्यांच्या, पायांत लुडबुडण्यात गेले. (केस म्हणजे खिळ्यांचे घर असलेली लाकडी पेटी, हे तरुण वाचकांसाठी.)

एमील रुडर हे मूळचे कंपोझिटर. जन्म १९१४, झ्युरिक. बाझलच्या शाळेत ते १९४२ पासून शिकवत होते, म्हणजे होफमान यांच्या आधीपासून, आणि १९६५ साली ते तिथले संचालक झाले. १९७० साली, फार लवकर, त्यांचे निधन झाले. त्यांचे अक्षरमांडणीवरचे मोठे पुस्तक १९६७ चे आहे. मजकूर वाचकापर्यंत पोहोचवणे हे अक्षरमांडणीचे पहिले आणि साधे कर्तव्य आहे, आणि ते न करणारे छापील काम निरर्थक ठरते, हा त्यांचा आग्रह होता.

संगणकावर मांडणी शिकलेल्या पिढीला एक गोष्ट सांगितल्याशिवाय रुडर नीट कळणार नाहीत असे मला वाटते. पडद्यावर कोरी जागा म्हणजे जिथे काही नाही ती जागा. छापखान्यात तसे नव्हते. दोन शब्दांमधली जागा धातूची असे, दोन ओळींमधली लेड, म्हणजे पट्टी, धातूची असे, समासाच्या ठिकाणी फर्निचर, म्हणजे कोरी जागा राखणारे ठोकळे, बसवलेले असे. कोरेपणा हाताने उचलावा लागे, मोजावा लागे, आणि तो नीट बसला नाही तर फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, आवळताना सगळी ओळ हातातून सांडत असे. आमच्याकडचा एक वयस्कर जुळारी नव्या मुलाला आधी स्पेस ओळखायला शिकवत असे आणि अक्षरे नंतर. रुडर जेव्हा अक्षराच्या आतल्या आणि बाहेरच्या पांढऱ्या जागेला अक्षराइतकेच मोल देतात, तेव्हा ते मला तत्त्वज्ञान वाटत नाही. ती धंद्यातली रोजची वस्तुस्थिती आहे आणि एका विचारी माणसाने तिला शब्द दिले आहेत.

म्हणूनच अक्षरधूळ यांनी व्यवसायशाळेचा जो मुद्दा मांडला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. एक लिथोग्राफर आणि एक कंपोझिटर एकाच इमारतीत शेजारी शेजारी शिकवत होते. एक काळ्या-पांढऱ्याकडे चित्राच्या बाजूने आला आणि दुसरा अक्षराच्या बाजूने, आणि दोघांनाही मधली जागा सापडली. बाझलचे श्रेय द्यायचे तर या जोडीला द्यावे.

शिवाय युनिव्हर्सबद्दल एक बारीक तपशील. हे कुटुंब पहिल्यापासून २१ प्रकारांचे आखलेले होते, बारीक ते ठळक आणि अरुंद ते रुंद, आणि त्यांना नावांऐवजी आकडे होते. एकच शब्द वजन बदलून मांडला तर पानाचा तोल कसा हलतो, हे शिकवण्यासाठी शिक्षकाला याहून चांगले साधन कुठले मिळणार? पूर्वी एक ठळक आणि एक साधे असे दोन वेगवेगळ्या घराण्यांचे टाइप जोडून काम भागवावे लागे.

पाचवा रकाना

मी १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका कला महाविद्यालयात शिकले. पायाभूत वर्षात आम्हालाही बिंदू, रेषा आणि पोत यांचे सराव होते. वर्षभरात ठरावीक संख्येने पाने भरून द्यायची, त्यांवर सही घ्यायची, आणि ती वार्षिक तपासणीसाठी गठ्ठ्यात बांधायची. ठिपके का काढतो आहोत असे मी एकदा विचारले, तेव्हा अभ्यासक्रमात आहे म्हणून, असे उत्तर मिळाले. त्या उत्तराबद्दल आज माझ्या मनात राग नाही, पण हळहळ नक्की आहे. मी वर्षभर ठिपके काढले आणि एकही ठिपका पाहिला नाही.

वरचा परिच्छेद वाचून काल रात्री मी कागद कापला आणि काळा ठिपका वाढवत नेण्याचा सराव पहिल्यांदा खरोखर करून पाहिला. नऊ चौकोन केले. सहाव्या आणि सातव्या चौकोनाच्या मध्ये कुठेतरी पांढरे कोपरे पुढे येतात. मी पुन्हा त्या दोघांच्या मधले दोन चौकोन केले, आणि तरीही मला तो क्षण निश्चित करता आला नाही. हे सारे मी वयाच्या अठराव्या वर्षी करायला हवे होते.

माझा प्रश्न असा आहे की तोच सराव एका ठिकाणी डोळा घडवतो आणि दुसऱ्या ठिकाणी गठ्ठ्यात बांधला जातो, याचे कारण काय? अभ्यासक्रम तर कागदावर सारखाच दिसतो. होफमान वर्गात प्रत्यक्षात काय करत असत, हे कुणाला ठाऊक असल्यास सांगावे.

उभी रेघ

पाचवा रकाना, आपल्या प्रश्नाचे एक उत्तर मला वेळेत दिसते. बाझलमध्ये एका सरावाला दिलेला अवधी आपल्याकडच्या मानाने फार मोठा असे, आणि विद्यार्थी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा हाताने सोडवत. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाण्याची घाई नसे. त्यांच्या पुस्तकात एकाच कल्पनेची जी अनेक रूपांतरे शेजारी शेजारी छापली आहेत, ती पाहिली की हे ध्यानात येते. तिथे बरोबर उत्तर म्हणून एक चौकोन दाखवलेला नाही, चौकोनांची मालिका आहे, आणि विद्यार्थ्याने मालिकेतली प्रत्येक पायरी दुसरीशी ताडून पाहायची आहे. आपण काल नेमके तेच केले आहे.

दुसरे कारण असे की शिक्षक स्वतः रोज तेच काम करत होता. १९५४ सालचे ‘दी गूटे फॉर्म’ हे त्यांचे पोस्टर पाहावे. अक्षरांचे काही भाग गाळलेले आहेत आणि पाहणाऱ्याची नजर ती अक्षरे पुरी करते. मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने टिपणारा लोककथेतला स्विस वीर म्हणजे विल्हेल्म टेल; त्याच्या १९६३ च्या पोस्टरात सफरचंद आहे, आणि ते सफरचंद आधी एक गोल आकार म्हणून भिडते, फळ म्हणून मागाहून. वर्गातला सराव आणि शहराच्या भिंतीवरचे पोस्टर यांच्यात विद्यार्थ्याला फारकत दिसत नसे. शाळेबाहेर पडून चार पावले चालले की शिक्षकाने आपल्या ठिपक्याचे काय केले ते दिसत असे.

प्रतिपक्ष

मी थोडी वेगळी बाजू मांडू इच्छितो, आणि ती विरोधासाठी विरोध म्हणून नाही.

होफमान यांच्या पोस्टरांबद्दल मला आदर आहे, पण ती बहुतांशी नाट्यगृहे, संग्रहालये आणि प्रदर्शने यांच्यासाठी आहेत. ग्राहक सुजाण आहे, मजकूर मोजका आहे, शहर संपन्न आहे आणि कलेला आश्रय देणारे आहे. अशा परिस्थितीत एका शब्दावर आणि एका छायाचित्रावर पोस्टर उभे करता येते. जिथे एकाच पत्रकात चार भाषा, सतरा नावे आणि तीन प्रायोजक बसवायचे असतात, तिथे ही पद्धत कितपत टिकते, हा प्रश्न विचारायला हवा. आशय गाळून गाळून सारापर्यंत जायचे म्हटले तर काय गाळायचे हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हेही पाहावे लागते.

दुसरे असे की, कुठलीही पद्धत पुरेशी यशस्वी झाली की ती साचा होते. १९६० च्या दशकाअखेरीस स्विस डिझाइन जगभरातल्या मोठ्या कंपन्यांचा गणवेश बनू लागले होते. या गोष्टीला पहिला जोरदार धक्का बाझलमधूनच बसला, याची नोंद धाग्यात व्हावी. वोल्फगांग वाइनगार्ट हे जर्मनीत शिकलेले कंपोझिटर १९६४ साली बाझलला आले. त्यांनी अक्षरांमधली अंतरे ताणली, ओळी वाकवल्या, फिल्मवर फिल्म चढवली आणि रुडर यांच्या शिस्तीतले बहुतेक नियम मोडून पाहिले. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या डॅन फ्रीडमन आणि एप्रिल ग्रीमन यांनी अमेरिकेत जे काम केले, ते स्विस शैलीच्या विरोधातले बंड म्हणूनच ओळखले जाते.

अक्षरधूळ

प्रतिपक्ष, आपल्या पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तो योग्य आहे असे मी मानतो. बाझल हे रासायनिक आणि औषधी उद्योगांनी श्रीमंत केलेले शहर होते, आणि गायगीसारख्या कंपनीने चांगल्या डिझाइनवर खर्च करण्याची तयारी दाखवली म्हणून त्या शाळेतून बाहेर पडलेल्यांना कामे मिळाली. एकट्या शिक्षकाने हे सारे घडवले, असा दावा करणे चुकीचे होईल.

दुसऱ्या मुद्द्यात मात्र आपण जी हकीकत सांगितलीत, तिचा एक भाग राहिला. १९६८ साली बाझलला पदवीनंतरच्या, परदेशी विद्यार्थ्यांसाठीही खुल्या अशा प्रगत वर्गाची सुरुवात झाली, तेव्हा अक्षरमांडणी शिकवण्यासाठी वाइनगार्ट यांना खुद्द होफमान यांनीच बोलावले. तेव्हा वाइनगार्ट यांचे वय २७ होते आणि त्यांचे प्रयोग शाळेच्या परंपरेला छेद देणारे आहेत, हे लपून राहिलेले नव्हते. आपल्या पद्धतीला प्रश्न विचारणाऱ्या तरुणाच्या हाती वर्ग सोपवणे, तेही आपण स्वतः शेजारच्या वर्गात शिकवत असताना, ही माझ्या दृष्टीने होफमान यांच्या शिक्षकपणाची सर्वांत मोठी खूण आहे. ज्याला शैली जपायची असते, तो असे करत नाही.

अमेरिकेतला प्रसारही त्यांनी पाठवलेल्या नियमांनी झाला नाही. १९५५ साली ते फिलाडेल्फियाला शिकवायला गेले, पुढे येल विद्यापीठाशी त्यांचा दीर्घकाळ संबंध राहिला, आणि तिथून विद्यार्थी बाझलला येऊ लागले. केनेथ हीबर्ट, इंगे ड्रुक्राय यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी पुढे स्वतः नामवंत शिक्षक झाले. एका शिक्षकाकडून इतके शिक्षक निपजणे, याचे मला फार अप्रूप वाटते.

शिरोरेघ

या चर्चेत आपल्याकडचा एक खरा धागा जोडता येतो. १९६५ साली होफमान अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवण्यासाठी आले होते. ती संस्था १९६१ साली स्थापन झाली होती, म्हणजे जेमतेम चार वर्षांची होती. तिथले महेंद्र पटेल बाझलला जाऊन होफमान आणि रुडर यांच्याकडे शिकले, नंतर त्यांनी फ्रुटिगर यांच्याबरोबर काम केले, आणि परत येऊन अहमदाबादला अनेक दशके आणि पुढे पुण्यातही शिकवले. २०१० साली लाइप्झिग शहराचा गुटेनबर्ग पुरस्कार त्यांना मिळाला. त्यामुळे पुण्यात डिझाइन शिकलेल्या काही मराठी मुलामुलींपर्यंत बाझलचा ठिपका एका माणसाच्या अंतरावरून पोहोचला आहे.

प्रश्न असा की देवनागरीला ही नजर कितपत लागू पडते. रोमन अक्षर हे सुटे उभे असते, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची जागा घडवणे हे रुडर यांचे मुख्य काम. आपल्या अक्षरांना शिरोरेघ बांधून ठेवते, त्यामुळे पांढरी जागा रेघेखाली खिशासारखी लटकते, आणि वर मात्रा, वेलांटी, रफार यांच्यामध्ये तिचे लहान लहान तुकडे होतात. ‘कर्तृत्व’ हा शब्द बाझलच्या चौकोनात ठेवून पाहिला की तिथले बहुतेक नियम नव्याने तपासावे लागतात. शिवाय देवनागरीचे जाड-बारीक हे बोरूच्या कापातून आलेले आहे, ते भूमितीतून काढता येत नाही. पवईच्या आयआयटीत शिकवत असलेले दिवंगत र. कृ. जोशी, ज्यांनी विंडोजमधला मंगल हा फाँट घडवला, ते अक्षराकडे बोरूच्या आणि लिहित्या हाताच्या बाजूनेच पाहत असत. मला स्वतःला तीच बाजू अधिक जवळची वाटते. तरीही पोकळी पाहण्याची शिकवण दोन्हीकडे लागते, कारण ‘ध’ आणि ‘घ’ यांच्यातला फरक रेघेत जितका आहे तितकाच आतल्या पांढऱ्यात आहे.

पाचवा रकाना

शिरोरेघ, आपण ‘खिशासारखी’ हा जो शब्द वापरला आहे तो मनात राहिला. उद्या ‘ध’ आणि ‘घ’ घेऊन बसणार आहे. उभी रेघ, मालिकेविषयी सांगितल्याबद्दल मनःपूर्वक आभार. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आतापर्यंत एकेक चौकोन करायला सांगत होते, आता नऊ सांगेन.

खिळे आणि शाई

बाझलच्या शाळेची इमारत ज्यांना पाहता येईल त्यांनी जरूर पाहावी. हेरमान बाऊर यांनी आखलेल्या त्या संकुलाचे काम १९६१ साली पुरे झाले. तिथे हान्स आर्प यांचे शिल्प आहे आणि खुद्द होफमान यांनी केलेले काँक्रीटचे उठाव आहेत. सपाट भिंतीवर फक्त उंचवटे आणि खाचा, शाई नाही की रंग नाही. ऊन फिरेल तसे काळे आणि पांढरे आपली जागा बदलते.

अक्षरधूळ

ही माहिती दिल्याबद्दल आभार. होफमान यांचे निधन १८ डिसेंबर २०२० रोजी झाले, वयाची शंभरी पूर्ण केल्यानंतर. तोवर ‘जिझेल’ला ६१ वर्षे झाली होती.

शिरोरेघ यांच्या प्रतिसादानंतर मी ‘जिझेल’मधला ‘आय’वरचा ठिपका पुन्हा पाहिला आणि मग आपल्या अनुस्वाराकडे वळलो. आपल्या लिपीत बिंदू आधीपासूनच आहे, आणि तो शिरोरेघेच्या वर अधांतरी असतो. ‘रंग’ हा शब्द मोठ्या आकारात काढून अनुस्वार पाच आकारांत कापला आणि शिरोरेघेपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून पाहिला. लहान असताना तो रेघेपासून सुटून उडतो, फार मोठा केला की ‘र’ खाली दबतो, आणि रेघेला टेकवला की अक्षराचाच भाग होऊन बसतो. तिसऱ्या आकाराला, रेघेपासून त्याच्या निम्म्या व्यासाइतक्या अंतरावर, शब्द उभा राहतो असे मला वाटले. ‘चिंच’ या शब्दात मात्र तेच माप चालत नाही, वेलांटी आडवी येते. पाचही चौकोनांची छायाचित्रे उद्या दिवसाच्या उजेडात काढून इथे देतो, कुणाला वेगळे माप योग्य वाटल्यास कृपया सांगावे.